अडलेली वाट आणि माणसाचा धीर

वाचकहो, घरी बसून धीर धरणे फारसे अवघड नाही. पाणी तापलेले असते, ताट वेळेवर येते, देवघर दोन पावलांवर असते. धीराची खरी परीक्षा होते ती वाटेवर. आणि वाट परमुलखातली असली म्हणजे ती परीक्षा फारच कडक होते. हल्ली आपली माणसे पंढरपूर-आळंदीप्रमाणे दुबई-सिंगापूरलाही जातात. मुलेबाळे हौसेने धाडतात. खुशाल जावे, जग पाहण्यात काही पाप नाही. पण ठरवलेला बेत मोडला की मनाचे काय होते, आणि अशा वेळी धीर म्हणजे नेमके काय, याचा विचार आपण जाण्यापूर्वी करीत नाही. तो येथे थोडा करू.

आमच्या नागपूरच्या भजनी मंडळात एक गृहस्थ आहेत. नोकरीतून निवृत्त, स्वभावाने मनमिळाऊ, राहणार नागनदीच्या काठचे. २०२४ च्या एप्रिलमध्ये मुलाने त्यांना व त्यांच्या पत्नीला आठ दिवस दुबई दाखवून आणण्याची व्यवस्था केली. १७ एप्रिलला रामनवमी होती. पोद्दारेश्वर राममंदिराची शोभायात्रा चुकवायची नाही, म्हणून परतीचे विमान १६ तारखेचे घेतले. दुबईहून मुंबई आणि तिथून नागपूर. हिशेब अगदी चोख होता.

आणि नेमका १६ तारखेला तिकडे पाऊस कोसळला. साधा नव्हे! त्या देशात १९४९ पासून पावसाची नोंद ठेवली जाते. तेव्हापासूनच्या ७५ वर्षांत असा पाऊस झाला नव्हता. अल ऐन भागात एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाणी पडले. आपल्या विदर्भात वर्षाला हजार मिलिमीटर पडतो, त्याचे आपल्याला काय! पण दुबईत वर्षभरात जेमतेम शंभराच्या आसपास पडायचा. वाळूवर वसलेले ते शहर. एवढे पाणी जाणार कुठे? विमानतळाच्या धावपट्ट्यांवर तळे झाले. दोन दिवसांत बाराशेहून अधिक उड्डाणे रद्द झाली. हजारो माणसे फरशीवर पथारी पसरून पडली.

पुढचे त्या गृहस्थांनी मंडळात स्वतःच सांगितले, काही न लपवता. ते म्हणाले, “मी चौकशीच्या खिडकीशी गेलो आणि तिथल्या मुलीवर असा ओरडलो, असा ओरडलो की माझा मलाच आवाज ओळखू येईना. माझी रामनवमी बुडाली, तिकिटाचे पैसे काय झाडाला लागतात काय, तुम्हांला लाज नाही काय... नाही नाही ते बोललो. पोरगी माझ्या नातीपेक्षा चार-सहा वर्षांनी मोठी असेल. उभ्या उभ्या तिचे डोळे भरून आले.”

तेव्हा त्यांची पत्नी पुढे झाली. म्हणाली, “अहो, पाऊस काय तिनं पाडला? सरका बाजूला.” मग त्या माउलीने मुलीला शांतपणे सांगितले, की यांना साखरेचा आजार आहे, इन्सुलिन मोठ्या पेटीत गेले आहे, ती पेटी आता आमच्या हाती नाही, रात्रीच्या आत औषध मिळालेच पाहिजे, त्यावाचून मी येथून हलणार नाही. आवाज चढवला नाही, पण हललीही नाही. मुलीने दोन ठिकाणी फोन केले, एका माणसाला बरोबर दिले, आणि विमानतळावरच्या दवाखान्यात औषधाची सोय झाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, रामजन्माच्या वेळेला, त्या दोघांनी तिथेच फरशीवर बसून टाळ्यांवर नामस्मरण केले. सुंठवडा कुठून आणणार? चहाबरोबर मिळालेल्या साखरेच्या पुड्या फोडून शेजारच्या चार प्रवाशांच्या हातावर चिमूट चिमूट ठेवली. मग गृहस्थ उठले आणि त्या मुलीची क्षमा मागायला खिडकीशी गेले. तिथे दुसरेच कोणी बसले होते. तिची पाळी संपून ती घरी गेली होती. तिचे नावही यांना ठाऊक नव्हते. विमान तिसऱ्या दिवशी मिळाले. क्षमा मागायची ती राहूनच गेली.

आता विचार करा. हेच गृहस्थ २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आम्ही पाहिले आहेत. त्या रात्री नागपुरात मुसळधार पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीचे पाणी लोकांच्या घरांत शिरले, माणसे दगावली. यांच्याही घरात मांडीएवढे पाणी होते. धान्य गेले, गाद्या गेल्या. पण यांनी कोणावर तोंड टाकले नाही. शेजारच्या म्हातारीला आधी वर नेले, मग हातात खराटा घेतला. घर बुडाले तेव्हा धीर राहिला आणि सहल लांबली तेव्हा सुटला, हे कसे?

मला याचे कारण असे दिसते. घरावर पूर आला, तेव्हा त्यांच्यापुढे काम होते. विमानतळावर नुसती वाट पाहणे होते. रिकाम्या हातांचा राग तोंडात येतो. दुसरे असे, की सहल आपण पैसे मोजून घेतलेली असते. पैसे मोजले की आपल्याला वाटते, विमानाबरोबर आकाशही आपण विकत घेतले. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलंडचा ज्वालामुखी उसळला, तेव्हा जवळजवळ आठवडाभर युरोपातली बहुतेक विमाने जमिनीवर राहिली. ती राख इंजिनात वितळून काचेसारखी चिकटते आणि इंजिन बंद पाडू शकते. म्हणजे न उडणारे विमान त्या दिवशी प्रवाशाचा जीव राखीत होते! पण अडकलेल्या माणसाला ते सुचत नाही. त्याला गुन्हेगार हवा असतो, आणि जो समोर सापडेल तोच गुन्हेगार ठरतो. बहुधा तो सगळ्यांत कमी अधिकाराचा, कमी पगाराचा नोकर असतो.

नाथमहाराजांची कथा आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकतो. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला निघाले. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडत होते. नाथांनी ते पाणी त्याच्या तोंडात ओतले. बरोबरीचे हळहळले, की एवढी पायपीट फुकट गेली. नाथांना मात्र रामेश्वर तिथेच भेटला. आपण ही कथा भूतदयेची म्हणून ऐकतो, ती आहेच. पण ती मोडलेल्या बेताचीही कथा आहे. ज्याचे मन बेताला बांधलेले असते, त्याला वाटेतले गाढव दिसतच नाही. आमच्या गृहस्थांना त्या मुलीचे भरलेले डोळे दिसले ते ओरडून झाल्यावर.

कोणी म्हणेल, “मग काय, गप्प बसून सगळे सोसावे? पैसे बुडाले तरी रामराम म्हणावे?” नाही. राजेहो, धीर म्हणजे मिंधेपणा नव्हे. त्या रात्री गप्प बसले असते, तर गृहस्थांच्या जिवावर बेतले असते. विमान रद्द झाले तर प्रवाशाला काय मिळावे याचे नियम अनेक देशांत आहेत, आपल्याकडेही आहेत. युरोपात तर २००४ सालचा असा कायदा आहे की नैसर्गिक आपत्ती असली तरी अडकलेल्याच्या जेवणाची व मुक्कामाची सोय विमान कंपनीने करावी. जे हक्काचे आहे ते मागावे, लेखी मागावे, पुन्हा पुन्हा मागावे. फक्त मागताना समोरच्याचे माणूसपण विसरू नये. नवऱ्याने आरडाओरड केली, त्यातून काही निघाले नाही. बायको शांतपणे अडून बसली, तिने औषध मिळवले. दोघांत धीर कोणाचा, हे सांगायला नको.

आणि धीराची थोडी तयारी घरूनही करता येते. औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. सणाच्या आदल्या दिवशीचे परतीचे तिकीट घेऊ नये, मध्ये दोन दिवस मोकळे सोडावेत. तिथल्या ओळखीच्या माणसाचा नंबर कागदावर लिहून घ्यावा. जो फट ठेवीत नाही, त्याचा धीर पहिल्या धक्क्यालाच फुटतो.

आपल्याला वाट पाहणे नवे का आहे? २०२० साली महामारीत पायी वारी थांबली. आळंदी-देहूच्या पादुका ३० जूनला एस.टी.च्या गाडीतून पंढरीला गेल्या आणि लाखो वारकऱ्यांनी उंबऱ्यातूनच हात जोडले. ज्याच्या भेटीला आपण जातो, तो तर पुंडलिकाने विटेवर उभा केल्यापासून वाटच पाहतो आहे. आईबापांची सेवा आटोपेपर्यंत थांब म्हटले, थांबला. त्याने तक्रार केल्याचे कोणी ऐकले नाही.

ते गृहस्थ आता बँकेत, इस्पितळात, एस.टी.च्या खिडकीशी, कुठेही रांग लागली की आधी आतल्या माणसाला विचारतात, “काय हो, सकाळपासून बसला आहात, चहा झाला का?” लोक हसतात. आम्हांला मात्र ठाऊक आहे, की हा प्रश्न ते कोणाला विचारीत आहेत.