रेपिनचा कुंचला, हळदणकरांचा कागद

व्यक्तिचित्राचं कौतुक करताना आपण पटकन म्हणतो, डोळे किती बोलके आहेत. मला वाटतं, ही सवय आपल्याला छापील चित्रांनी लावली. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईतच निघाला. पुढे प्रभादेवीच्या लोकवाङ्मय गृहासारख्या ठिकाणांहून स्वस्त रशियन पुस्तकं आणि त्यांतली चित्रं लालबाग-परळच्या खोल्यांत पोचली. या छपाईचे उपकार मोठे आहेत. पण छापताना चेहरा शिल्लक राहतो आणि रंगाची जाडी, कुंचल्याचा वेग हरवतो.

रशियन चित्रकार इल्या रेपिनचं मुसोर्गस्की या संगीतकाराचं चित्र घ्या. मार्च १८८१ मध्ये पीटर्सबर्गच्या लष्करी रुग्णालयात रेपिननं ते चार दिवसांत काढलं. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत मुसोर्गस्की गेला. दारूनं सुजलेला चेहरा, लाल नाक, पिंजारलेले केस. डोळे ओलसर आहेतच. पण माझी नजर अडकते ती हिरव्या झग्यावर. चेहऱ्याशी रेपिन रेंगाळतो, सुरकुतीन् सुरकुती समजून घेतो. झग्यावर मात्र हात सैल सोडून फटकारे मारतो. मागे नुसता फिकट उजेड. पियानो नाही, स्वरलिपीचे कागद नाहीत, मोठेपणाची एकही खूण नाही. हाताशी दिवस थोडे आहेत, हे त्या फटकाऱ्यांतच कळतं.

आपल्याकडे शेठसावकारांची जी चित्रं दिवाणखान्यांत लागली, त्यांतल्या पुष्कळ चित्रांत पगडी, शाल, खुर्चीचा हात आणि चेहरा सगळं सारख्याच निगुतीनं रंगवलेलं असतं. त्या सारखेपणानंच माणूस गोठतो.

चित्रकार सावळाराम हळदणकर वेगळे वाटतात ते इथे. ‘ग्लो ऑफ होप’ या चित्रासाठी त्यांनी मुलगी गीता हिला हातात दिवा देऊन उभं केलं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. कित्येकांना ते रविवर्म्याचं वाटतं, कित्येकांना तैलरंगातलं. ते जलरंगातलं आहे, आणि माझ्या लेखी सगळी थोरवी तिथेच आहे. तैलरंगात चूक झाली तर वरून रंग चढवता येतो. जलरंगात उजेड म्हणजे मुख्यतः खालचा कागद. तो कुठे राखायचा हे कुंचला टेकवण्याआधी ठरवावं लागतं, एकदा झाकला की परत मिळवणं फार कठीण. बोटांच्या फटींतून झिरपणारा तो उजेड असा आधी राखून ठेवलेला आहे. कॅलेंडरवर त्याचीच नुसती पिवळी शाई होते.