सीताफळाच्या पाल्याने कर्करोग बरा होतो?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं बीड, धारूर, अंबाजोगाईच्या बाजारात येतात. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने ‘धारूर-6’ हा वाण दिला. मोबाइलवर मात्र वेगळीच कीर्ती फिरत असते: पाला उकळून प्या, कर्करोग जातो.

हा निरोप निव्वळ थाप नाही, हीच पंचाईत आहे. सीताफळाच्या बियांत आणि पानांत ॲसिटोजेनिन वर्गातली रसायनं असतात आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी ती खरोखर मारतात. गुलाबी द्रावणात, 37 अंशांच्या उबेत, फ्लास्कच्या तळाला चिकटून पसरलेल्या पेशी रसायन पडलं की आक्रसतात, गोल होतात, तळ सोडून तरंगू लागतात. नवखा संशोधक एवढ्यावर हरखतो. मुरलेल्याचे प्रश्न इथून सुरू होतात: किती मात्रेला मेल्या? शेजारच्या फ्लास्कमधल्या निरोगी पेशींचं काय झालं? घाव नेमका कुठे बसला?

ॲसिटोजेनिनचा घाव बसतो मायटोकॉन्ड्रियावर. तिथल्या श्वसनसाखळीची पहिलीच कडी ते अडवतं आणि पेशीची ऊर्जा तुटते. पण ही कडी मेंदूच्या पेशींतही असते. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर पार्किन्सनसारख्या आजाराचे रुग्ण आणि सीताफळाच्याच कुळातल्या लक्ष्मणफळाचं सेवन यांचा संबंध 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या निबंधाने पुढे आणला. आपल्याकडे उवांसाठी बियांची पूड डोक्याला लावतात; ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते, हे नेत्रतज्ज्ञांनी नोंदवलेलं आहे. ॲसिटोजेनिनपासून मान्यताप्राप्त कर्करोगाचं औषध अजून झालेलं नाही.

असे प्रश्न थेट पेशींना विचारण्याची सोय भारतात उभी केली पुण्याच्या कमल रणदिवे (1917–2001) यांनी. योगायोग असा की, 1943 च्या त्यांच्या एम.एस्सी.चा विषय सीताफळाच्या कुळाचं पेशी-आनुवंशशास्त्र होता. पुढे मुंबईत विकृतिशास्त्रज्ञ डॉ. खानोलकरांकडे पीएच.डी., मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘हेला’ पेशी याच गाय यांनी वाढवल्या. परतल्यावर रणदिवेंनी मुंबईत देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. 1982 मध्ये पद्मभूषण मिळालं, तरी शाळेच्या पुस्तकांतून त्या आपल्याला फारशा भेटत नाहीत.

झाडातून औषध निघतच नाही, असं मुळीच नाही. नंदुरबारचे मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी झाडाच्या सालीतून मिळालेल्या टॅक्सॉल या रसायनाची रचना 1971 साली प्रसिद्ध केली. विषारी रसायनं पुष्कळ सापडतात, त्यातलंच हे एक, अशी त्याची गत होती. 1979 मध्ये सुझन हॉरविट्झ यांनी दाखवलं की, ते पेशीतल्या सूक्ष्मनलिका गोठवून विभाजनच थांबवतं. तेव्हा कुठे त्याकडे लक्ष वळलं. अंडाशयाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली ती 1992 मध्ये. रचना कळल्यापासून 21 वर्षं! या क्षेत्रात उमेदीची वर्षं अशीच जातात आणि बहुतेकांच्या वाट्याला टॅक्सॉल येत नाही. ‘हे रसायन औषध होणार नाही’ हा निष्कर्षही कमाईच आहे. आपल्या संस्था तो कमाईत धरत नाहीत.

अंबाजोगाईत सीताफळ संशोधन केंद्र आहे, स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयही आहे. दोघांनी मिळून पाल्याच्या आणि बियांच्या विषारीपणावर काम करायला हवं. तोवर पाला उकळून पिऊ नका, आणि घरात कोणाची केमोथेरपी चालू असेल तर कुठलाही काढा देण्याआधी डॉक्टरांना विचारा.