जवळची सुट्टी

विसाव्यासाठी दूर जावे लागते का, हा प्रश्न मॉरिशससारख्या बेटावर टाळता येत नाही. बेटाची लांबी जेमतेम ६५ किलोमीटर, त्यामुळे समुद्र कोणालाच फार लांब नाही. डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, अनेक कुटुंबे किनाऱ्यावरचा बंगला चार दिवस भाड्याने घेतात. ज्यांना तेवढे जमत नाही ती रविवारी बिर्याणीचे पातेले गाडीत घालून फ्लिक-आं-फ्लाक या किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात चटई अंथरतात.

एवढ्याशा अंतराने मनात काय पालटते? रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने ल्युसिलियसला लिहिलेल्या पत्रांत उलटीच शंका काढली आहे: माणूस जाईल तिथे स्वतःला घेऊन जातो, मग जागा बदलून साधते काय? ज्यू धर्मशास्त्र त्याच्याही पुढे जाते. शब्बाथला वस्तीच्या हद्दीबाहेर दोन हजार हातांपलीकडे चालत जायला मनाई आहे. थांबवायचे असते ते काम, आणि विसावा जवळ राहूनच घ्यायचा असतो.

यावरचा आक्षेप मात्र वजनदार आहे. परगावी आपल्याला कोणी ओळखत नाही. कोणाची सून, कुठल्या कचेरीतला कारकून, हे सगळे तिथे गळून पडते. छोट्या बेटावर शेजारच्या चटईवर साहेबच सहकुटुंब बसलेला असू शकतो. अनोळखीपणाची मोकळीक जवळच्या सुट्टीत नाही, हे मान्य करावेच लागते. पण साहेब समोर असताना कामाचा विषय न काढता जेवता येणे, ही सुट्टी अधिक अवघड आणि म्हणूनच अधिक पक्की.

तीर्थयात्रेपुरता दूर जाण्याचा हा प्रश्न मॉरिशसच्या हिंदूंनी कृतीने सोडवला. गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या, मजुरांच्या वंशजांना, त्यांत कोकणातून गेलेल्या मराठी माणसांचेही वंशज आले, गंगा समुद्रापार राहिली होती. १९७२ साली ग्रां बासें या डोंगरातल्या सरोवरात गंगेचे पाणी ओतले गेले आणि त्याला गंगा तलाव हे नाव मिळाले. तीर्थ घराजवळ आले, तरी चालणे कोणी सोडले नाही. महाशिवरात्रीला लोक सजवलेल्या कावडी खांद्यावर घेऊन गावोगावाहून पायी निघतात, वाटेत लोक त्यांना पाणी आणि खाणे देतात, आणि तलावाचे पाणी आपापल्या देवळातल्या पिंडीवर घातले जाते.

जवळची सुट्टी साधत नाही ती किनाऱ्यावरच्या हॉटेलांत राबणाऱ्यांना. त्यांचा किनारा हाच त्यांचा कारखाना असतो. विसाव्यासाठी त्यांनी समुद्राकडे पाठ करून डोंगराकडे जावे, हे रास्तच आहे.