प्राणवायूची उणीव आणि अचेतनाचा हेतू

ज्याला जाणीव नाही अशी वस्तू दुसऱ्याच्या हितासाठी प्रवृत्त होऊ शकते का, हा सांख्य आणि वेदान्त यांच्यातील जुना वाद मेंदूच्या पेशींच्या संदर्भात नव्याने तपासण्यासारखा आहे. शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के असलेला मेंदू शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के वापरतो, त्यामुळे प्राणवायूची उणीव त्याला फार लवकर बाधते. अशा वेळी पेशींमधील काही रक्षक जनुके, म्हणजे संरक्षक प्रथिने घडवण्याची माहिती बाळगणारे डीएनएचे भाग, कार्यरत होतात. त्यांना चालना देणाऱ्या प्रथिनांच्या कुळाला ‘एचआयएफ’ म्हणतात.

या यंत्रणेतील विलक्षण गोष्ट अशी की उणिवेची वर्दी देणारा कोणी तिच्यात नाही. एचआयएफचा एक घटक पेशीत सतत तयार होत असतो आणि प्राणवायू पुरेसा असताना काही विकरे, म्हणजे रासायनिक क्रियांना गती देणारी प्रथिने, प्राणवायूचाच अणू त्याला जोडतात. त्या खुणेमुळे तो काही मिनिटांतच नष्ट केला जातो. प्राणवायू घटला की खूण उमटत नाही, घटक साचतो, केंद्रकात शिरतो आणि जोडीदार प्रथिनासह जनुकांना जागे करतो. मग पेशी ग्लुकोज अधिक ओढून घेते, नव्या रक्तवाहिन्यांना उत्तेजन मिळते आणि मज्जापेशींच्या शेजारच्या ताराकृती पेशी एरिथ्रोपोएटिन हे त्यांना तगवणारे द्रव्य स्रवतात.

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत अचेतन दूध वासराच्या पोषणासाठी पाझरते तशी प्रकृती, म्हणजे अचेतन मूळ तत्त्व, पुरुषासाठी, म्हणजे चेतन आत्म्यासाठी, प्रवृत्त होते असे मानले आहे. त्यावर वेदान्ती शंकराचार्यांचा आक्षेप असा की गाय चेतन आहे आणि दूध तिच्या वात्सल्याने पाझरते. गायीपुरता हा आक्षेप बिनतोड वाटतो, परंतु पेशीत वात्सल्य कोणाचे मानावे? तरीही यात सांख्यांचा जय पाहणे घाईचे ठरेल, कारण उणीव तीव्र होऊन लांबली तर हेच एचआयएफ पेशीला मृत्यूकडे नेणाऱ्या ‘बीएनआयपी-3’ या जनुकालाही चालना देते. एका पेशीचा मृत्यू समग्र देहाच्या हिताचा असतो, हे समर्थन त्वचेबाबत पटेल. मेलेल्या मज्जापेशींची जागा सहसा भरून निघत नाही, म्हणून येथे ते लंगडे पडते. नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त या व्यवस्थेचा उगम अधिक नेमका सांगतो: ज्या पूर्वजांत ती होती ते तगले, आणि तेवढ्यासाठी कोणाचाही हेतू गृहीत धरावा लागत नाही, सांख्यांच्या प्रकृतीचा नाही आणि वेदान्त्यांच्या ईश्वराचाही नाही.