एकाच नावाची दोन यंत्रे

एकाच नावाच्या दोन वस्तू खरोखरच एक आहेत असे मानण्याचा अधिकार आपल्याला केव्हा पोचतो, हा प्रश्न तर्कशास्त्राच्या वर्गात विचारला म्हणजे अगदी निरुपद्रवी वाटतो. तोच प्रश्न नदीकाठच्या खांबावर टांगलेल्या पत्र्याच्या पेटीत जाऊन बसला म्हणजे मात्र त्याचे स्वरूप पालटते. तो तेथे कसा गेला आणि त्याने आम्हांला काय शिकविले, हे सांगण्याचा येथे विचार आहे. नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकी थोड्यांचाच यंत्रविद्येशी संबंध असेल. परंतु जो फरक दुरून दिसत नाही, त्याच्या बाबतीत दुरूनच हुकूम काढावे लागणे हा अनुभव बहुतेकांच्या परिचयाचा आहे. म्हणून ही हकीकत त्यांच्यापुढे मांडण्यास संकोच वाटत नाही.

प्रथम यंत्राविषयी थोडेसे. विजेचा मीटर, रुग्णालयातील नाडी मोजणारे उपकरण, स्टेशनातील गाड्यांची वेळ दाखविणारा फलक, या सर्वांच्या पोटात बहुधा हिरव्या रंगाची एक पाटी असते. तिला बोर्ड म्हणतात. त्या बोर्डावर प्रोसेसर, मेमरी, घड्याळाची चिप इत्यादी भाग बसविलेले असतात, आणि त्या सर्वांकडून काम करून घेणारी एक आटोपशीर ऑपरेटिंग सिस्टीम आत नांदत असते. असा बोर्ड एकदा कारखान्यातून बाहेर पडला की दहा-पंधरा वर्षे निमूटपणे राबतो. त्या अवधीत कारखाना मात्र होता तसा राहत नाही. एखादी चिप बनविणे तिचा निर्माता बंद करतो, एखादा दोष उशिरा ध्यानात येतो, एखादा भाग दुसरीकडे स्वस्त मिळतो. मग बोर्डाची दुसरी आवृत्ती निघते, पुढे तिसरी. पेटी तीच, नाव तेच. कोपऱ्यात बारीक टाइपात 'अ' होता तेथे 'ब' छापलेला असतो, एवढाच काय तो बाहेरून दिसणारा फरक. सॉफ्टवेअर मात्र सर्वांसाठी मिळून एकच ठेवण्याकडे स्वाभाविक ओढा असतो, कारण दहा आवृत्त्यांसाठी दहा सॉफ्टवेअरे सांभाळणे कोणालाच परवडत नाही.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण देतो. मुलांना संगणकाचे शिक्षण स्वस्तात मिळावे या हेतूने इंग्लंडात तयार झालेला 'रास्पबेरी पाय' नावाचा लहानसा बोर्ड २०१२ च्या फेब्रुवारीत विक्रीस आला. त्याच वर्षी त्याची दुसरी आवृत्ती निघाली. नाव 'मॉडेल बी' हेच राहिले. बाहेरची उपकरणे जोडण्यासाठी बोर्डावर सव्वीस पिनांची दुहेरी रांग होती, तीही तशीच राहिली. परंतु तिच्यातील तिसरी व पाचवी पिन पहिल्या आवृत्तीत शून्य क्रमांकाच्या वाहिनीला जोडलेली होती, ती दुसऱ्या आवृत्तीत एक क्रमांकाच्या वाहिनीला जोडली गेली. तेरावी पिन पूर्वी प्रोसेसरच्या २१ क्रमांकाच्या टोकाशी जात होती, ती २७ व्या टोकाशी गेली. पुस्तकात पाहून तार अचूक जोडणाऱ्या मुलाचा प्रोग्राम शून्याच्या वाहिनीवर उपकरण शोधीत बसे आणि तेथे कोणीच नसे. सुदैवाने प्रत्येक बोर्डात त्याचा आवृत्तिक्रमांक कायमचा नोंदलेला होता. तो आधी विचारून मग कामाला लागावे, असा शिरस्ता प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी पुढे पाडला.

'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतो की रथ म्हणजे नेमके काय. आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? यांपैकी काहीच रथ नव्हे, 'रथ' हे केवळ व्यवहारासाठी दिलेले नाव आहे, असा त्याचा निष्कर्ष. नाव हा संकेत आहे हे कळणे भिक्षूच्या दृष्टीने बंधनातून सुटण्याचा मार्ग असेल. ज्याने ते नाव ठेवले त्या कारागिराला मात्र त्यातून सुटका नाही. दोन निरनिराळ्या वस्तूंना त्याने आपल्या सोयीसाठी एक नाव दिले, की त्यांच्यातील फरकाचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी त्याच्याच शिरावर येते. हे आम्हांला पुस्तकातून कळले नाही. ते एका रात्री कळले.

काही वर्षांपूर्वी पूर्वेकडील एका राज्यात नद्यांची पातळी दुरून कळविणाऱ्या यंत्रांचे काम आमच्याकडे होते. पुलाच्या खांबावर पेटी, तिच्यावर सौर पॅनेल, खाली पाण्यात सोडलेला सेन्सर, अशी योजना होती. पेटीतील बोर्ड दर पंधरा मिनिटांनी मोबाइलच्या जाळ्यावरून पातळी कळवी. पहिल्या खेपेची चाळीस यंत्रे बसली. दोन वर्षांनी दुसरी खेप आली, तोपर्यंत एक चिप बाजारातून नाहीशी झाली होती आणि तिच्या जागी आलेली चिप अधिक व्होल्टेज झेलणारी होती. म्हणून सेन्सरकडून येणारे व्होल्टेज जुन्या बोर्डावर चौथाई करून मोजले जाई, ते नव्या बोर्डावर निम्मे करून मोजले जाऊ लागले. घड्याळाची चिपही बदलली. नव्या बोर्डासाठी नवे सॉफ्टवेअर तयार झाले, आणि जुन्या पेट्यांतही तेच घातल्यास दोन सॉफ्टवेअरे सांभाळण्याचा खर्च वाचेल, अशी टिप्पणी पुढे आली. कार्यालयात चाचणीसाठी ठेवलेले यंत्र उत्तम चालले होते. ते नव्या खेपेतील होते, याकडे कोणी लक्ष दिले नाही. त्या टिप्पणीवर आमची सही आहे.

सॉफ्टवेअर एका रात्रीत चाळीस ठिकाणी जाऊन बसले. दिवस हिवाळ्याचे होते, नद्या तळाशी गेल्या होत्या. दीड मीटरच्या जागी पाऊण मीटर दिसू लागले, ते कोणाला खटकले नाही. आषाढात पाणी चढले. एका पुलावरचे यंत्र चार मीटर सांगत होते आणि धोक्याची रेषा सात मीटरवर होती. पहाटे तीनच्या सुमारास तेथल्या वृद्ध गेज-वाचकाचा फोन आला. खांबावर रंगविलेले आकडे वाचून पातळी लिहून ठेवण्याचे काम तो वीस वर्षे करीत होता. यंत्र आल्यापासून त्याच्या वहीला कोणी फारसे विचारीत नसे. आठाचा आकडा बुडाला आहे, असे तो सांगत होता. आमच्यासमोर पडद्यावर चार होते. आम्ही त्याला पुन्हा पाहून यावयास सांगितले. भर पावसात टॉर्च घेऊन तो पुन्हा गेला आणि येऊन त्याने तेच सांगितले. खालच्या वस्तीतील माणसे वेळेवर हलली, ती त्याच्यामुळे. गुरे बरीच गेली. एका प्रामाणिक माणसाला दुसऱ्यांदा पाण्याकडे पाठविण्यात जो अर्धा तास गेला, त्याची लाज आम्हांला आजही वाटते.

दोष कोणाचा? जुना बोर्ड आपले काम पूर्वीइतक्याच चोखपणे करीत होता. नवे सॉफ्टवेअरही, त्याला जे सांगितले होते त्याप्रमाणे, बिनचूक गणित करीत होते. दोघांमधील फरक आम्हांला ठाऊक होता. परंतु तो आमच्या फायलीत होता, यंत्रात नव्हता. नाव एक म्हणून वस्तू एक, असे आम्ही धरून चाललो, आणि त्या गृहीताची किंमत ज्यांना आमची फाईल कधीच दिसणार नव्हती अशा माणसांनी मोजली.

दुरुस्ती करताना दुसरा धडा मिळाला. जुन्या बोर्डात आवृत्तीची कोणतीच खूण नव्हती. तेव्हा आमच्यापैकी एकाने युक्ती सुचविली, की सॉफ्टवेअरने सुरू होतानाच नव्या घड्याळाच्या चिपला हाक मारावी. ती बोलली तर बोर्ड नवा, गप्प राहिली तर जुना. युक्ती चतुर होती, पण मौनाला साक्ष मानणारी होती. नव्या बोर्डावरची चिप उद्या बिघडून गप्प झाली, तर तो बोर्ड जुना समजला जाईल आणि तीन मीटर पाणी सहा मीटर म्हणून दाखवील; मग मध्यरात्री गाव उगाच उठवावे लागेल, आणि असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा गाव उठणार नाही. अखेरीस असे ठरले की दोन्ही चिपांना हाक मारावी, आणि जिचे उत्तर येईल तिच्यावरून ओळख पटवावी. कोणीच बोलले नाही, तर यंत्राने पातळी सांगूच नये. 'मी कोण हे मला माहीत नाही' एवढेच कळवावे. चुकीच्या आकड्यापेक्षा अज्ञानाची ही कबुली अधिक उपयोगी असते, कारण ती आली की कोणीतरी वहीवाल्याला विचारतो.

वास्तविक या खटाटोपाची गरजच नव्हती. बोर्ड आखतानाच प्रोसेसरच्या तीन पिनांवर लहान रेझिस्टर बसविण्याची जागा ठेवली, आणि प्रत्येक पिन वरच्या किंवा खालच्या बाजूला ओढून ठेवली, तर तेवढ्याने आठ आवृत्त्या ओळखता येतात. खर्च जवळजवळ काहीच नाही. तरीही पहिल्या आवृत्तीवर ही सोय पुष्कळदा नसते, आणि तिचे कारण तांत्रिक नाही. पहिल्या बोर्डावर 'पहिला' असे लिहिण्यासाठी, दुसरा निघणार आहे, म्हणजे आपल्या हातून काही चुकणार आहे किंवा काळ आपल्याला बदलावयास लावणार आहे, हे आधी कबूल करावे लागते. आम्ही ते केले नव्हते.

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम सांभाळणाऱ्यांपुढे हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. आर्म जातीच्या प्रोसेसरांवर बेतलेले शेकडो बोर्ड बाजारात आले, आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र क्रमांक व स्वतंत्र प्रोग्राम मूळ संहितेत शिरू लागला. २०११ च्या मार्चमध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी या पसाऱ्याविषयी उघड नाराजी व्यक्त केली. त्यानंतर जो उपाय सर्वत्र रूढ झाला तो 'डिव्हाइस ट्री' या नावाने ओळखला जातो. पॉवरपीसी जातीच्या यंत्रांवर तो पूर्वीच रुळलेला होता. बोर्डावर कोणता भाग कोठे आहे याचे वर्णन एका वेगळ्या तक्त्यात लिहावयाचे, आणि यंत्र सुरू होताना तो तक्ता ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती द्यावयाचा. वस्तुस्थिती एकीकडे आणि नियम दुसरीकडे अशी ही वाटणी आहे. त्या तक्त्यात प्रत्येक वस्तू आपली ओळख विशेषाकडून सामान्याकडे सांगते: आधी नेमका प्रकार, तो ओळखीचा नसेल तर ज्याच्याशी आपले जुळते असा अधिक परिचित प्रकार. परमुलखात आपणही असेच करतो. समोरच्याला संगमेश्वर माहीत नसेल तर कोकण सांगतो, कोकण माहीत नसेल तर महाराष्ट्र सांगतो. मात्र संगमेश्वर सांगण्याचे सोडीत नाही. या पद्धतीबरोबर एक वचनही आले, की जुन्या बोर्डाबरोबर गेलेला तक्ता नव्या सॉफ्टवेअरलाही वाचता आला पाहिजे. हे वचन दर वेळी पाळले जातेच असे नाही. पण ते मोडले तर चूक कोणाची, याविषयी वाद उरत नाही.

मग जुन्याला जन्मभर सांभाळावयाचे काय? येथे दुसरी बाजूही नीट ऐकली पाहिजे. लिनक्सचा जन्म १९९१ साली इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर झाला. त्याच ३८६ चा आधार २०१२ च्या डिसेंबरात मूळ संहितेतून काढण्यात आला, आणि २०१३ च्या फेब्रुवारीत निघालेली ३.८ ही आवृत्ती त्याच्यावाचून निघाली. पुढच्या प्रोसेसरांना येणाऱ्या काही आज्ञा ३८६ ला येत नसत, आणि त्याच्यासाठी ठेवलेल्या आडवाटा इतर सर्वांच्या कामात अडथळा आणीत. याला कृतघ्नता म्हणण्याचा मोह होतो, पण आम्ही तसे म्हणणार नाही. ज्या यंत्रावर कोणी चाचणीच घेत नाही, त्याला आमचा आधार आहे असे छापीत राहणे ही दया नव्हे. ते खोटे आश्वासन आहे. आमच्या जुन्या चाळीस पेट्यांनाही कागदोपत्री आधार होताच. निरोप द्यावयाचा तर तो उघडपणे, तारीख सांगून द्यावा आणि जुने सॉफ्टवेअर मागे ठेवून द्यावा, म्हणजे ज्याच्याजवळ जुने यंत्र आहे त्याला आपण कोठे उभे आहोत हे कळते. ३८६ च्या बाबतीत तसे झाले होते. पूर्वीच्या आवृत्त्या कोणालाही घेता येत होत्या.

म्हणजे जुन्याला कायम राखणे किंवा सोडणे, यांपैकी कोणतीही गोष्ट स्वतःहून पाप किंवा पुण्य नाही. अपराध घडतो तो तिसऱ्याच ठिकाणी: फरक आहे हे आपल्याला ठाऊक असता तो नाही असे समजून हुकूम सोडण्यात. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या सहीने एकाच मसुद्याचे परिपत्रक पन्नास तालुक्यांत जात असेल. ते पन्नास तालुके कागदावर एकाच नावाचे असतात. त्यांतील कोणत्या ठिकाणी मसुदा लागू पडत नाही हे सांगण्याची सोय त्या कागदातच ठेवली आहे की नाही, आणि तसे सांगणारा कोणी पहाटे फोन करील तर त्याचे पहिल्याच खेपेस ऐकले जाईल की नाही, एवढे दोन प्रश्न सहीपूर्वी विचारण्यासारखे आहेत.

त्या पावसाळ्यानंतर चाळीसही पेट्या उघडल्या गेल्या, आणि प्रत्येकीच्या मेमरीत एक अक्षर लिहिले गेले. शेवटची पेटी त्या वृद्धाच्या पुलावरची होती. काम चालले असता तो शेजारी उभा होता. आत काय लिहिले असे त्याने विचारले, तेव्हा आम्ही सांगितले, की हे यंत्र जुने आहे, एवढेच लिहिले. त्यावर तो काही बोलला नाही. वही काढून त्याने खांबावरचा आकडा वाचला आणि त्या दिवसाची नोंद केली.