क्रूस, क्षमा आणि आपले ओझे

एका भगिनीने सांगितलेला प्रसंग आधी नमूद करतो. त्यांचे कुटुंब वसईच्या बाजूस राहते. तेथील ख्रिस्ती समाज पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजारी. भाषा मराठीच, लग्नकार्यात येणे-जाणे, आजारपणात एकमेकांना हात. त्यांची मुलगी आठवीत शिकते. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी ती मैत्रिणीच्या घरून परतली आणि जेवताना तिने विचारले, "अम्मी, त्यांच्यासाठी ईसांनी जीव दिला. आपल्यासाठी कोणी दिला?" आईला उत्तर सुचले नाही. असले प्रश्न विचारू नयेत, एवढे बोलून वडिलांनी विषय संपविला. मुलगी गप्प झाली.

माझ्या मते येथे वडिलांचे चुकले. जे लेकरू घरात प्रश्न विचारू शकत नाही, ते बाहेर विचारते. शिवाय हा प्रश्न उद्धट नाही, क्षुल्लक तर मुळीच नाही. अपराधी माणूस आपल्या पालनकर्त्यासमोर कोणत्या आधारावर उभा राहणार, हेच त्या मुलीने विचारले होते. त्याचे उत्तर प्रत्येक मुस्लिम आईबापाजवळ असले पाहिजे.

वाचकहो, ग्रंथधारकांशी चर्चा करावयाची तर ती उत्तम रीतीनेच करावी, असा पवित्र कुरआनचा आदेश आहे (सूरह अल-अन्‌कबूत, २९ : ४६). समोरच्याचे म्हणणे तो स्वतः मांडतो तसे समजून घेणे ही उत्तम रीतीची पहिली अट होय. तर ख्रिस्ती श्रद्धा अशी : आदमच्या अवज्ञेमुळे पाप मानवजातीत शिरले आणि माणूस स्वतःच्या बळावर त्यातून सुटू शकत नाही. ईश्वर न्यायी आहे, म्हणून पापाची शिक्षा टळणे शक्य नाही. तो प्रेमळही आहे, म्हणून पुत्ररूपाने त्याने ती शिक्षा स्वतःवर घेतली. येशू शुक्रवारी क्रूसावर मरण पावला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी जिवंत उठला. इ. स. ५५ च्या सुमारास पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिले. ख्रिस्त उठला नसेल तर आपली सारी श्रद्धाच व्यर्थ आहे, असे त्याने त्यात स्पष्टपणे मांडले. म्हणजे ही त्या धर्माची एखादी कडेची समजूत नसून संपूर्ण इमारतीचा पाया आहे. मराठीलाही ही कथा नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांत रचलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले.

मात्र एकाच्या मृत्यूने दुसऱ्याला क्षमा कशी मिळते, याचे स्पष्टीकरण खुद्द ख्रिस्ती विद्वानांत एकसारखे नाही. आरंभीच्या शतकांत अनेकांनी त्या मृत्यूला सैतानाच्या तावडीतून सोडविण्यासाठी दिलेली खंडणी म्हटले. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म या धर्मगुरूने सांगितले की, पापामुळे ईश्वराच्या सन्मानाचे देणे थकले होते, ते ख्रिस्ताने फेडले. त्यानंतर थोड्याच काळाने अ‍ॅबेलार्डने त्याला प्रेमाचे दर्शन म्हटले. त्या प्रेमाने माणसाचे हृदय पालटते, असे त्याचे म्हणणे. सोळाव्या शतकातील सुधारकांनी शिक्षेच्या भाषेवर भर दिला. पूर्वेकडील जुनी चर्चे तर आदमचा अपराध वंशजांच्या माथी येतो, हे पाश्चात्त्य अर्थाने मानतच नाहीत. म्हणून शेजाऱ्याशी बोलताना, तो यांपैकी काय मानतो हे त्यालाच विचारावे. आणि चेष्टा तर कधीच करू नये. माझ्यावर कोणी मरणापर्यंत प्रेम केले, या भावनेने ज्याचे डोळे पाणावतात, त्याच्या अश्रूंना हसणे हे मुसलमानाचे काम नव्हे. ख्रिस्ती लोक श्रद्धावंतांच्या स्नेहाच्या सर्वाधिक जवळचे आढळतील, त्यांच्यात विद्वान व संन्यासी आहेत आणि ते गर्व करीत नाहीत, असे कुरआननेच म्हटले आहे (५ : ८२).

आता कुरआनचे म्हणणे पाहू. हजरत ईसा (अ.) हे कुमारी मरियम (अ.) यांचे पुत्र, मसीह, अल्लाहचे सन्माननीय प्रेषित. परंतु लोकांनी त्यांना ठार केले नाही व क्रूसावरही चढविले नाही; प्रकरण त्यांच्यासाठी संदिग्ध करण्यात आले आणि अल्लाहने आपल्या प्रेषिताला स्वतःकडे उचलून घेतले (सूरह अन्‌-निसा, ४ : १५७-१५८). हे कसे घडले, याचा तपशील कुरआनने दिलेला नाही. इमाम तबरी (मृत्यू हि. ३१०) यांच्या तफसीरमध्ये याविषयी वेगवेगळ्या कथनांची नोंद आहे. अमुक शिष्याला त्यांचे रूप दिले गेले किंवा अमुक विश्वासघातक्याला, या कथा आपल्यातील काही वक्ते जणू आयतीच असाव्यात अशा थाटात सांगतात. तसे करू नये. कुरआन जेथे थांबले तेथे आपणही थांबावे.

मृत्यूनंतरचे उठणे आपल्याला अपरिचित नाही, हेही मुलांना सांगावे. ईसा (अ.) कयामतीपूर्वी पुन्हा येतील, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या अधिकृत हदीसमध्ये आहे. पाळण्यात बोलताना त्यांनी आपला जन्मदिवस, मृत्यूचा दिवस आणि जिवंत उठविले जाण्याचा दिवस, या तिन्ही दिवसांसाठी शांतीचा उल्लेख केला (१९ : ३३). ते उठणे मात्र कयामतीचे, सगळ्या माणसांबरोबरचे.

एवढ्याने मुलीचा प्रश्न सुटतो का? सुटत नाही. "तुमच्या ग्रंथात तसे आहे, आमच्या ग्रंथात असे आहे," एवढे म्हणून मैत्रीण मोकळी होईल. साक्षीपुराव्याचा तो वाद चहाच्या टेबलावर मिटणारा नाही. खरा प्रश्न त्याच्या मागे आहे : क्षमेसाठी कोणाचा तरी जीव जाणे आवश्यक आहे काय?

याच्या उत्तरासाठी मी वाचकांना सूरह यूसुफकडे नेऊ इच्छितो. ही कथा आपल्या घरांत लहानपणापासून सांगितली जाते, पण तिचा हा भाग घाईने ओलांडला जातो. राजाचे मापपात्र धाकट्या भावाच्या, बिन्यामीनच्या सामानात सापडते. भाऊ हवालदिल होतात. ते इजिप्तच्या त्या अधिकाऱ्याला विनवितात की, याचे वडील फार वृद्ध आहेत, याच्याऐवजी आमच्यापैकी एकाला ठेवून घ्या. आपण ज्याच्यासमोर उभे आहोत तो आपला भाऊ यूसुफच आहे, हे त्यांना ठाऊक नाही. यूसुफ (अ.) अल्लाहचा आश्रय मागतात आणि उत्तर देतात की, ज्याच्याजवळ वस्तू सापडली त्याच्याशिवाय दुसऱ्याला धरले, तर आम्हीच जुलमी ठरू (१२ : ७८-७९).

येथे क्षणभर थांबू या. बिन्यामीन निर्दोष आहेत हे यूसुफ (अ.) यांना माहीत होते, भावाला जवळ ठेवण्याची ती योजना होती. तरीही त्यांच्या तोंडी आलेला नियम नियमच आहे. एकाच्या जागी दुसऱ्याला धरणे याला अल्लाहच्या एका प्रेषिताने दया म्हटलेले नाही, 'जुलूम' म्हटले आहे. यावर ख्रिस्ती बंधू म्हणतील की, येशूला कोणी जबरदस्तीने धरले नाही, तो स्वखुशीने पुढे आला. रास्त आक्षेप आहे. पण यूसुफ (अ.) यांचे भाऊही स्वखुशीनेच पुढे आले होते! बदली येणाऱ्याची तयारी कितीही उदात्त असो, त्यामुळे न्यायाधीशाने त्याला शिक्षा देणे न्याय्य होत नाही. हाच प्रसंग बायबलमध्ये उत्पत्तीच्या ४४ व्या अध्यायात आहे. तेथेही, ज्याच्याजवळ प्याला सापडला तोच राहील, असे उत्तर आहे. पुत्राने पित्याच्या अपराधाचा भार वाहावयाचा नाही, हे यहेज्केल या संदेष्ट्याच्या १८ व्या अध्यायात विस्ताराने आले आहे. कोणीही ओझे वाहणारा दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे कुरआनने तर पुनःपुन्हा सांगितले (६ : १६४, १७ : १५, ३५ : १८, ५३ : ३८).

कथा पुढे जाते. ज्यांनी यूसुफना विहिरीत टाकले, वडिलांना वर्षानुवर्षे रडविले, तेच भाऊ दुष्काळाने गांजून पुन्हा समोर येतात. आता ओळख पटते. आम्हीच चुकलो, अशी कबुली ते देतात. यूसुफ (अ.) काय मागतात? काहीच नाही. आज तुमच्यावर कोणताही ठपका नाही, असे सांगून ते त्यांच्यासाठी अल्लाहकडे क्षमा मागतात (१२ : ९१-९२). माणूस असून यूसुफ (अ.) रक्त न मागता क्षमा करू शकले, तर साऱ्या दयाळूंहून अधिक दयाळू असलेल्या अल्लाहला क्षमा करण्यासाठी निरपराधाचे रक्त का लागावे? आदम (अ.) व त्यांच्या पत्नीच्या बाबतीतही हेच घडले. आपण स्वतःवर अत्याचार केला, अशी कबुली त्यांनी दिली (७ : २३) आणि अल्लाहने त्यांची तौबा स्वीकारली (२ : ३७). प्रकरण तेथेच मिटले. वंशजांच्या नावे काही थकबाकी उरली नाही. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखलाही मला नेहमी येथेच आठवतो. त्यातील बाप परतलेल्या मुलाकडे धावत जातो, त्याला मिठी मारतो. थोरल्या भावाला शिक्षा केल्याशिवाय धाकट्याला घरात घेणार नाही, असे तो म्हणत नाही.

यावर ख्रिस्ती विचारवंताचा एक प्रश्न उरतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. क्षमा अशी फुकट मिळाली, तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे काय? न्याय स्वस्त झाला नाही का? इस्लामचे उत्तर असे की, अल्लाहचा हक्क अल्लाह माफ करतो. दासांचा हक्क मात्र त्या दासाला परत केल्याशिवाय किंवा त्याची माफी मिळविल्याशिवाय सुटत नाही. सहीह मुस्लिममधील हदीसप्रमाणे खरा दिवाळखोर तो, जो कयामतीच्या दिवशी नमाज, रोजा व जकात घेऊन येईल. परंतु त्याने कोणाला शिवी दिली असेल, कोणावर आळ घेतला असेल, कोणाचा माल खाल्ला असेल. त्याची पुण्ये त्या पीडितांना वाटली जातील आणि ती संपली तर त्यांची पापे याच्यावर टाकली जातील. हे दुसऱ्याचे ओझे नव्हे. स्वतःच केलेल्या जुलमाची ही वसुली आहे.

आपले उलेमा या ख्रिस्ती सिद्धान्ताला 'कफ्फारा' म्हणतात. शरीअतमधला कफ्फारा मात्र वेगळा आहे. शपथ मोडली तर दहा गरिबांना जेवू घालावे किंवा कपडे द्यावेत किंवा गुलाम मुक्त करावा, आणि हे जमत नसेल तर तीन दिवस रोजे ठेवावेत (५ : ८९). ज्याने शपथ मोडली त्यानेच. पैशाचे कर्ज दुसरा फेडू शकतो, एका कर्जदार मृताचे देणे हजरत अबू कतादा (र.) यांनी अंगावर घेतले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याच्या जनाजाची नमाज पढविली. कारण पैसे कोणाच्याही हातून आले तरी सावकाराची रक्कम पुरी होते. पाप ही तशी रक्कम नव्हे.

आणि आता वाचकहो, ज्यासाठी लेखणी हाती घेतली त्या मुद्द्यावर येतो. क्रूसावरचा कफ्फारा आपण जिभेने नाकारतो. आपल्या व्यवहारात मात्र तो दुसऱ्या दाराने आत घेतला आहे. वडील वारले की भाऊ बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतात आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. बहीण नको म्हणत नाही. माहेर तुटेल, ही धास्ती तिला असते. संपत्ती थोडी असो वा पुष्कळ, तिच्यात स्त्रियांचा हिस्सा अल्लाहने ठरवून दिलेला आहे (४ : ७) आणि या मर्यादा ओलांडणाऱ्याला आगीची ताकीद आहे (४ : १४). तोच भाऊ पुढे उमरा करतो, वडिलांच्या नावे पैसे देऊन कुरआनखानी करवितो, दर्ग्यावर चादर चढवितो आणि मनाशी म्हणतो की, बुजुर्गांची शिफारस आहे, सुटू आपण. ईसा (अ.) यांच्या खांद्यावर आपले ओझे टाकले नाही खरे, पण पीरसाहेबांच्या, हाफिजजींच्या खांद्यावर टाकलेच ना? शफाअत सत्य आहे. परंतु ती अल्लाहच्या अनुज्ञेने आहे (२ : २५५). बहिणीचा हिस्सा पचविण्याचा तो परवाना नव्हे.

जवळच्या नातलगांना सावध करण्याचा आदेश (२६ : २१४) उतरला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या कुळाला नावे घेऊन हाक दिली. शेवटी लाडक्या लेकीला, हजरत फातिमा (र.) यांना सांगितले की, माझ्या संपत्तीतून हवे ते माग, पण अल्लाहसमोर मी तुझ्या काही कामी येणार नाही. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. जगातील कोणत्याही बापाने लेकीवर याहून अधिक प्रेम केले नसेल, आणि त्याच प्रेमाने तिला हे सांगितले.

त्या भगिनीने काही दिवसांनी मुलीला जवळ बसवून सूरह यूसुफची कथा सांगितली, मापपात्रासह. आपल्यासाठी कोणी जीव दिला नाही, कारण अल्लाहने तो मागितलाच नाही, असे आईने तिला सांगितले. मुलीने थोडा विचार केला. मग तिने विचारले की, दासाचा हक्क परत करावा लागतो, तर फुफूचे घरातले नाव काढले तेव्हा तिला काय दिले? वडील तेथेच बसले होते. या वेळी त्यांनी विषय संपविला नाही. फुफूकडे कधी जायचे, याचे बोलणे आता त्या घरात सुरू आहे.