वाढविलेल्या चित्राचें सत्य

जें आपणांस ठाऊक नाहीं तें ठाऊक असल्याचा आव आणणें यास असत्य म्हणावें कीं नाहीं, हा नीतिशास्त्रांतील प्रश्न कांहीं नवा नाहीं. परंतु अलीकडे तो एका अगदीं अनपेक्षित ठिकाणीं, म्हणजे छापखान्याच्या दारांत, येऊन उभा राहिला आहे. स्मृतिग्रंथ, वार्षिक, गौरवांक अशा कोणत्याही पुस्तकासाठीं छायाचित्र पाठवूं गेल्यास ‘३०० डी. पी. आय.चें पाठवा’ असा निरोप येतो. पाठविणारा गृहस्थ संगणकावर त्या जागीं ७२ हा आंकडा आढळल्यास तो खोडून ३०० लिहितो, आणि आपलें कर्तव्य झालें असें समजतो. आंकडा बदलला, चित्र होतें तसेंच राहिलें. मागणीचें अक्षर पाळलें गेलें, अर्थ बाजूलाच राहिला.

या ३०० चें मर्म थोडें समजून घेतल्यावांचून पुढील विवेचन व्यर्थ होय. डिजिटल छायाचित्र म्हणजे लहान लहान चौकोनांची, पिक्सेलांची, एक मोजकी रास. १९५७ सालीं रसेल किर्श यांनीं अमेरिकेंतील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेंत आपल्या तान्ह्या मुलाचें छायाचित्र संगणकांत उतरविलें, तेव्हां ती रास १७६ गुणिले १७६ एवढी होती. आजच्या साध्या फोनांतील चित्र बहुधा ४००० गुणिले ३००० असतें. रास एकदां पडली कीं ती कागदावर किती दाट पसरावयाची, एवढाच प्रश्न उरतो. ४००० चौकोन इंचास ३०० या मापानें मांडले तर तेरा इंचांहून किंचित् अधिक रुंदीचें चित्र होतें. इंचास १०० मांडले तर चाळीस इंचांचें. तेव्हां हें माप म्हणजे चित्र, कागद आणि पाहणारा डोळा या तिघांमधील एक करार आहे. निरोगी डोळ्यास सुमारें एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतकेंच अंतर वेगळें ओळखतां येतें. पुस्तक बारा इंचांवर धरलें असतां हें अंतर इंचाच्या सुमारें २९० व्या भागाएवढें भरतें. मुद्रकांचा ठोकताळा निराळ्या वाटेनें तेथेंच येतो: चांगल्या कागदावर हाफटोनची जाळी इंचास १५० रेघांची, आणि दर रेघेस दोन पिक्सेल. उलट तीस फुटांवरून पाहावयाच्या फलकास इंचास दहा पिक्सेलही पुरतात. राहतां राहिला तो ७२ चा आंकडा. तो १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्याचा वारसा होय.

येथवर सारा व्यवहार गणिताचा झाला. नीतीचा प्रश्न उत्पन्न होतो तो रास अपुरी पडते तेव्हां. समजा, एखाद्या घरीं आजोबांची एकच खूण उरली आहे: शाळेच्या दहा इंच बाय आठ इंच समूहचित्रांत, मागच्या रांगेंत, पाव इंच रुंदीचा चेहरा. तें चित्र इंचास ६०० या मापानें स्कॅन केलें तर चेहऱ्याच्या वांट्यास १५० पिक्सेल येतात, आणि छापील पानावर त्याचें अर्ध्या इंचाचें चित्र नीट उमटतें. माप आणखी वाढवावें, तर जुन्या कागदाच्या कणांपलीकडे फारसें कांहीं हातीं लागत नाहीं. नातवंडांस मात्र तो चेहरा अर्धें पान भरून हवा असतो, आणि या इच्छेंत निंद्य असें कांहींच नाहीं.

ती पुरविण्याच्या दोन रीती आहेत. जुनी रीत अशी कीं, दोन चौकोनांमध्यें नवा चौकोन घालावयाचा तो शेजाऱ्यांच्या सरासरीचा घालावा. यानें चित्र मोठें होतें आणि धूसरही होतें. आपली गरिबी तें लपवीत नाहीं. दुसरी रीत नव्या यंत्रबुद्धीची. असंख्य परकीय चेहरे अभ्यासून तयार झालेलें हें यंत्र पापण्या घालतें, केसांच्या बटा सोडवितें, गालांवर त्वचेचीं रंध्रेंसुद्धां कोरतें. हीं रंध्रें कोणाचीं? आजोबांचीं तर खास नव्हेत. २०२० सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांतल्या संशोधकांनीं सिद्ध केलेल्या अशाच एका साधनास माजी अध्यक्ष बराक ओबामा यांचें अतिशय लहान केलेलें चित्र कोणीं दिलें, तेव्हां त्यानें एका गोऱ्या पुरुषाचा स्वच्छ, ठसठशीत चेहरा काढून दिला. ओबामांचा चेहरा जगाच्या परिचयाचा, म्हणून चूक तत्काळ दिसली. आजोबांच्या चित्रांतील चूक ओळखावयास मात्र कोणी साक्षीदार उरलेला नसतो.

यावर पूर्वपक्ष असा: चित्रकार तरी दुसरें काय करतो? जुन्या स्टुडिओंतील कारागीर काचेवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या पुसत असेच. शिवाय, फोनचा कॅमेरासुद्धां बहुधा प्रत्येक चौकोनास तांबडा, हिरवा व निळा यांपैकीं एकच रंग मोजतो, आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून भरून काढतो. म्हणजे ज्यास आपण अस्सल म्हणतों त्यांतील दोनतृतीयांश रंगही अनुमानितच! हा आक्षेप आम्हांस वजनदार वाटतो, आणि ‘यंत्र तें सारें खोटें’ अशी ओरड करणाऱ्यांजवळ त्यास उत्तर नाहीं.

उत्तर आपल्या नैयायिकांजवळ आहे. या पर्वतावर धूर दिसतो, म्हणून या पर्वतावर अग्नि आहे, हें अनुमान. येथें हेतु त्याच पर्वतावर असतो. पुष्कळ पर्वतांवर अग्नि आढळतो म्हणून याही पर्वतावर तो असेल, ही निव्वळ अटकळ. शेजारच्या चौकोनांवरून भरलेला रंग पहिल्या जातीचा, कारण त्याचा पुरावा त्याच चेहऱ्यावरील प्रकाशानें दिलेला आहे. परक्यांच्या गालांवरून आणलेलीं रंध्रें दुसऱ्या जातीचीं. चित्रकाराविषयीं म्हणाल, तर त्याचें चित्र पाहणारा तें हाताचें काम आहे हें जाणून पाहतो. छायाचित्र आपण साक्ष म्हणून स्वीकारतों. २०२४ सालीं वॉशिंग्टन राज्यांतील किंग काउंटीच्या न्यायालयानें एका खुनाच्या खटल्यांत यंत्रबुद्धीनें स्पष्ट केलेलें चलच्चित्र पुराव्यांत घेण्याचें नाकारलें, त्यामागील भेदही आमच्या मतें हाच.

घरच्या भिंतीवर कोणी अशी तसबीर लावील तर आम्ही त्यास दोष देणार नाहीं. घरच्यांस ती कशी झाली हें ठाऊक असतें. खरें पाहतां तेथें यंत्राची गरजही नाहीं; तेच १५० पिक्सेल दहा इंचांवर पसरले तर इंचास पंधरा पडतात, आणि वीस फुटांवरून पाहणाऱ्यास तेवढ्यांत कांहीं उणें दिसत नाहीं. ग्रंथाची गोष्ट वेगळी. तो ग्रंथालयांत जातो. पन्नास वर्षांनीं चरित्र लिहूं पाहणारा तो उघडतो, आणि तोंपर्यंत मूळ समूहचित्र वाळवीच्या पोटांत गेलेलें असतें. त्यास दिसतो तो परक्यांच्या गालांचा, कधीं अस्तित्वांतच नसलेला मनुष्य, आणि खालीं खऱ्या मनुष्याचें नांव.

म्हणून संपादकांनीं केवळ ३०० हा आंकडा न मागतां मूळ फाइल, जशी कॅमेऱ्यांतून अथवा स्कॅनरांतून निघाली तशी, मागावी, आणि ती लहान असल्यास लहानच छापावी. आजोबांच्या बाबतींत तर याहून सोपा उपाय आहे. तें समूहचित्र सबंधच्या सबंध पानभर छापावें. तेवढ्या मापावर तें उत्तम उमटतें. खालीं ‘मागील रांगेंत डावीकडून चौथे’ एवढें लिहावें. मग आजोबा आपल्या पाव इंचांत, सोबत्यांच्या खांद्याला खांदा लावून, शाळेच्या पायऱ्यांवर उभे असलेले दिसतील.